पातळी : पैठण ते धनेगाव, आषाढातले पाच दिवस

दिवस पहिला : छत्रपती संभाजीनगर ते पैठण

सकाळी निघताना भाच्याने गाडीच्या डिकीत एक लांबुळकी पिशवी टाकली. काय आहे विचारलं तर म्हणाला, "मावशी, पैठणला पोचल्यावर दाखवतो." बिडकीनच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा त्याला राहवलं नाही. पिशवीची चेन उघडली आणि आतून निळं-केशरी कापड बाहेर आलं. बारा चौरस मीटरचा जुना काईट. सोबत हातात धरायचा दांडा म्हणजे बार, दोऱ्या आणि कमरेला बांधायचा पट्टा, हार्नेस. कुणाकडून तरी ऑनलाइन चौदा हजारांना घेतलेला. त्याचा चेहरा इतका फुललेला होता की त्या क्षणी मी काहीच बोलले नाही.

दोष थोडा माझाही आहे. गेल्या वर्षी मी रामेश्वरमला दहा तासांचं काईटसर्फिंगचं शिक्षण घेतलं, आणि परत आल्यावर त्याचे व्हिडिओ घरातल्या सगळ्यांना दाखवत सुटले. त्याआधी 2024 च्या ऑलिम्पिकमध्ये मार्सेच्या समुद्रात हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हा हा पोरगा मोबाईलला डोळे लावून बसलेला. पायाखाली फळी, कमरेला पतंग आणि पाण्यावरून सुसाट जाणारी माणसं. एकोणीस वर्षांच्या मुलाला याहून जास्त काय लागतं? त्याचं म्हणणं सरळ होतं. "आपल्याकडे नाथसागर आहे. आषाढात वारा आहे. आता काईट पण आहे. अजून काय पाहिजे?"

अजून काय पाहिजे ते सांगायलाच मी ही पाच दिवसांची सहल ठरवली. पैठणहून निघायचं, माजलगाव करायचं, बालाघाट चढायचा, धनेगावचा मांजरा प्रकल्प बघायचा आणि अंबाजोगाईला आईकडे मुक्कामाला जायचं. वाटेतलं प्रत्येक पाणी मला रामेश्वरमला शिकवलं तसं निरखायचं. अट एकच घातली. मी तपासल्याशिवाय त्या काईटमध्ये हवा भरायची नाही. त्याने कबूल केलं.

माझ्या उजव्या गुडघ्यावर सात टाक्यांची खूण आहे. रामेश्वरमच्या आधीची. एका किनाऱ्यावर एकाने "दोन तासांत उभं करतो" म्हणत स्वस्तात शिकवायला घेतलं होतं. पतंग उडवायचा कसा ते त्याने दाखवलं, त्याची ओढ मारायची कशी ते दाखवलंच नाही. वाऱ्याचा एक जोर आला आणि मी वाळूवरून तीसेक मीटर फरफटत गेले. घाबरलेला माणूस हातात असेल ते घट्ट धरतो आणि स्वतःकडे ओढतो. काईटचा बार स्वतःकडे ओढला की पतंगाची ताकद वाढते. म्हणजे मी जितकी घाबरत होते तितकी जोरात ओढली जात होते. बार नुसता सोडून दे, एवढं एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर गुडघा फुटला नसता. ही गोष्ट भाच्याला पूर्वी अर्धीच सांगितली होती, आज चहाच्या टपरीवर पूर्ण सांगितली.

दुपारी पैठण. नाथांची पालखी पंढरीच्या वाटेला लागलेली, त्यामुळे गाव जरा मोकळं होतं. नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं. रामेश्वर म्हटलं की आमच्या घरात आधी नाथांची कावड आठवते. काशीची गंगा रामेश्वराला न्यायला निघालेले नाथ, आणि वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला त्यांनी पाजलेलं ते पाणी. मी रामेश्वरमला निघाले तेव्हा आजीने विचारलंच होतं, "गंगा नेतीस का गं?" मी तिला म्हटलं, आजी, मी पाण्यात पडायला चाललेय. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीत अंगारा टाकला.

दिवस दुसरा : नाथसागर

पहाटे उठून धरणाकडे गेलो. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी. धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. 27 दरवाज्यांची ती दहा किलोमीटरची भिंत पाहून भाचा गप्प झाला. पाणी पावसाळ्याच्या सुरुवातीला असतं तसं खाली गेलेलं, पण तरीही समोर पैलतीर दिसत नव्हता. समुद्रच वाटतो, हे खरं आहे.

मी त्याला म्हटलं, पाणी नंतर बघ. आधी पाठ कर वाऱ्याकडे.

काईटच्या शिक्षणात पहिला दिवस बहुतेक असाच जातो. पतंग पिशवीतून निघतही नाही. वारा कुठून कुठे वाहतोय, किनारा कुठल्या दिशेला आहे, खालच्या अंगाला काय आहे हे आधी पाहायचं. खालचं अंग म्हणजे वारा आपल्याला जिकडे नेईल ती बाजू. काही बिघडलं की तुम्ही तिकडेच जाणार, म्हणून तिथे काय आहे हे सगळ्यात आधी बघायचं.

आषाढात इथला वारा पश्चिमेकडचा. जलाशय पश्चिमेला पसरलेला आणि भिंत पूर्वेला. म्हणजे मैलोन्‌मैल उघड्या पाण्यावरून येणारा वारा थेट भिंतीच्या दगडी पिचिंगवर आपटतो. लाटाही तशाच. भिंतीच्या बाजूने पाण्यात उतरलेला नवशिका पतंग आवरता आला नाही तर कुठे जाईल, हे भाच्याने स्वतःच बोट करून दाखवलं. दगडांवर.

"मग पलीकडच्या काठावरून उतरू," तो म्हणाला.

पलीकडे वारा जमिनीकडून पाण्याकडे. दिसायला ते सोपं वाटतं, कारण काठाजवळ पाणी शांत असतं. पण नवशिक्याला सगळ्यात घातक वारा तोच. काहीही चुकलं की तो तुम्हाला काठापासून दूर, आत, मधोमध नेतो. शिकणाऱ्याला हवा तो काठाशी तिरका येणारा वारा. पाण्याकडून किनाऱ्याकडे, पण एका कुशीने. म्हणजे पडलं तरी हळूहळू काठालाच लागायचं. रामेश्वरमला पाल्कच्या उपसागराच्या बाजूला असं पाणी आहे. कमरेइतकं, तळाला वाळू, पडलं की उभं राहता येतं. उन्हाळा-पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, हिवाळ्यात ईशान्येचा. त्याप्रमाणे शिकवणारे बाजू बदलतात. आणि बचावाची बोट पाण्यात तयार असते. इथे उभं राहून मी त्याला विचारलं, "तू आत अडकलास तर तुला आणायला कोण येईल?" त्याने इकडे तिकडे पाहिलं.

काठावर एक मासेमारी करणारे काका जाळं सोडवत बसले होते. त्यांना विचारलं, दुपारचा वारा कसा असतो? ते म्हणाले, "सकाळी ठीक हाय ताई. दुपारनंतर भरवसा नाही. आभाळ आलं की आम्ही होडी काढूनच घेतो." मग त्यांनी पाण्यातल्या जाळ्यांच्या जागा हाताने दाखवल्या. आम्हाला नुसतं पाणी दिसत होतं. त्यांना त्याच्या खाली बांधलेले दोर दिसत होते.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी नाथसागर हे 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात इथे रोहित येतात, हजारो बदकं उतरतात. बारा चौरस मीटरचं कापड फडफडत आकाशात गेलं तर पाखरांना ते केवढं गिधाड वाटेल? वनखात्याला विचारण्याचा प्रश्नच मी मनात आणला नाही. हे पाणी आपलं नाही, पाखरांचं आहे. मला हे आवडतं, आणि असंच राहावं असं वाटतं.

दुपारी लॉजवर परत आल्यावर खरा प्रश्न निघाला. "मावशी, तुझ्याकडे कार्ड आहे ना? मग तूच शिकव की."

कार्ड आहे. आंतरराष्ट्रीय काईटबोर्डिंग संघटना, म्हणजे आयकेओ, 2001 पासून हे प्रमाणपत्र देते. पहिली पातळी डिस्कव्हरी. तिच्यात सगळं ओळखीचं काम येतं : जागा आणि वारा ओळखणं, पतंग मांडणं, दोऱ्या तपासणं, सुरक्षेची यंत्रणा चालवणं, काठावर उभं राहून पतंग ताब्यात ठेवणं. दुसरी इंटरमीडिएट. तिच्यात पाण्यात उतरायचं, फळी न घेता पतंगाच्या ओढीवर पाण्यातून सरकायचं, पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठवायचा, स्वतःची सुटका करायची आणि मग फळीवर उभं राहण्याचे प्रयत्न. तिसरी इंडिपेंडंट. फळीवर चालता येतं, थांबता येतं, वाऱ्याच्या विरुद्ध तिरकं जाऊन जिथून निघालो तिथे परत येता येतं, आणि पाण्यावरचे वाटेचे नियम पाळता येतात. चौथी त्याच्या पुढची. बरीच केंद्रं तिसऱ्या पातळीचं कार्ड बघितल्याशिवाय साहित्य भाड्याने देत नाहीत.

मी दुसऱ्या पातळीवर आहे. म्हणजे फळीवर उभी राहते, पण वारा नेईल तिकडे जाते. निघाले तिथे परत येऊ शकत नाही. दुसऱ्या पातळीचा माणूस शिक्षकाच्या नजरेखाली पाण्यात उतरतो. शिकवण्याचं प्रशिक्षण तर पूर्णच वेगळं. हे कार्ड हातात आलं तेव्हा मला आनंद झाला होता तो काय जमतं ते त्यावर लिहिलंय म्हणून. आता मला ते जास्त उपयोगी वाटतं ते दुसऱ्या कारणाने. अजून काय जमत नाही तेही त्यावरून कळतं, आणि ते मला स्वतःहून कधीच कळलं नसतं. वाऱ्यात उभं असताना माणसाला सगळंच जमेलसं वाटतं.

भाचा म्हणाला, "म्हणजे तू मला पाण्यात नाही शिकवणार."

"नाही. तुलाच काय, मी एकटी पण उतरणार नाही."

तो रागावला. संध्याकाळी घाटावर न बोलता बसला. मी पण बोलले नाही. गोदावरीवर दिवे सोडणाऱ्या बायका होत्या, एकीचा दिवा विझला तर तिने परत पेटवून सोडला.

दिवस तिसरा : माजलगाव

शहागडला गोदावरी ओलांडून गेवराईमार्गे माजलगाव. सिंदफणा नदीवरचं हे धरण. पाणी मागे सरकलेल्या जागी गाळपेराची मोकळी जमीन, कुठे ओल्या गाळात म्हशींचे खूर उमटलेले. पाण्यात वेड्या बाभळीची वाळकी झाडं उभी, काहींचे फक्त शेंडे वर. भाच्याने ती झाडं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चल पुढे." मला काही सांगावं लागलं नाही. पाण्याखालचं खोड आणि वीस-बावीस मीटर लांबीच्या चार दोऱ्या एकत्र आल्या तर काय होईल हे त्याला कळलं होतं.

मुक्काम माझ्या मामेबहिणीकडे. जुनं माळवदाचं घर, सोप्यात सागवानी तुळई आणि तिला झोपाळ्याच्या दोन जाड कड्या. जेवणं झाल्यावर मी भाच्याला म्हटलं, काढ तुझा काईट. आज तपासू.

आधी कापड. वर फुगवायची जी नळी असते, तिच्यामुळेच पतंग पाण्यात बुडत नाही आणि पुन्हा उठवता येतो. 1984 मध्ये ब्रुनो आणि डोमिनिक लगेन्यू या फ्रेंच भावांनी याचं पेटंट घेतलं, तिथून आजच्या काईटचा रस्ता मोकळा झाला. नळी ठीक होती, एक ठिगळ होतं. दोऱ्या चार, त्यातल्या दोन मधल्या आणि दोन कडेच्या. चारही खुंटीला अडकवून ताणल्या तर एक डावीकडची बोटभर लांब भरली. म्हणजे पतंग कायम एका अंगाला ओढणार. तेही सुधारता येतं.

मग क्विक रिलीज. हार्नेसच्या हुकात अडकतो तो जाड फास, त्याला चिकन लूप म्हणतात, आणि त्याच्या वरची सरकती नळी. अडचण आली की ती नळी एका हाताने पुढे ढकलायची. फास उघडतो, बार निसटून वर जातो, आणि पतंग एकाच दोरीवर सैल होऊन खाली पडतो. ती दोरी कमरेच्या सुरक्षेच्या पट्ट्याला, म्हणजे लीशला, जोडलेली असते. तेवढ्यानेही भागलं नाही तर लीशही सोडायची, म्हणजे पतंग पूर्णच गेला. पतंग गेला तर गेला. या उघडणाऱ्या यंत्रणेसाठी आता आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे, आयएसओ 21853, 2020 सालचं. भाच्याचा काईट त्याच्या कितीतरी आधीचा.

मी झोपाळ्याची फळी उतरवली. बहिणीने चार गोधड्या आणून खाली अंथरल्या. दोऱ्यांऐवजी जाड कासरा घेऊन बार कडीला बांधला. भाच्याने हार्नेस घातला, फास हुकात अडकवला आणि पाय पुढे टाकून मागे रेलला. त्याचं सगळं वजन त्या फासावर आलं. पतंग ओढतो तेव्हा नेमकं असंच होतं.

"आता सोड."

त्याने नळी ढकलली. हलली नाही. परत ढकलली. अंगठा पांढरा पडला, नळी जागेवरच. तो हसत होता, मग हसायचा थांबला. "मावशी, हे निघत नाही." त्याने दुसराही हात लावला, दात आवळून जोर केला, आणि खाडकन आवाज होऊन फास सुटला. तो गोधड्यांवर पाठीवर आदळला. बहिणीच्या धाकट्या मुलीने टाळी वाजवली.

भाचा उठला नाही. वर तुळईकडे बघत पडून राहिला.

मी नळी कंदिलाजवळ नेली. आतल्या खाचेत वाळू घट्ट बसलेली, मिठाने दगडासारखी झालेली. टोकाची पिन एका बाजूला वाकलेली. सुईने वाळू काढली, गोड्या पाण्याने धुतली, परत लावून पाहिली. पुन्हा वजनाखाली अडकली. पिन वाकलेली होती, ती काही सुईने सरळ होणार नव्हती.

"दोन हात लागले," तो म्हणाला. "पाण्यात एक हात बारवर असेल ना?"

"एक हात तरी असेल."

रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीतला दिवा चालू होता.

दिवस चौथा : बालाघाट

बीडवरून मांजरसुंब्याचा घाट चढलो आणि माळावर आलो की पवनचक्क्या दिसायला लागतात. डोंगराच्या कडेने ओळीने उभ्या, पांढरी पाती सावकाश फिरणारी. भाच्याचा राग आज उतरलेला होता. तो म्हणाला, "पण इथे वारा नक्कीच चांगला. नाहीतर एवढ्या कंपन्या आल्या असत्या का?"

वारा आहेच. पण पवनचक्कीचा माथा साठ-ऐंशी मीटर किंवा त्याहूनही वर असतो. तिथला वारा आणि आपल्या डोक्याजवळचा वारा एक नसतो. डोंगराच्या कडेवर वारा आपटून वर चढतो, मागच्या बाजूला त्याचे भोवरे होतात. झाड असो, टेकडी असो की घर, त्याच्या उंचीच्या निदान सातपट अंतरापर्यंत मागचा वारा गढूळच समजावा असं आम्हाला शिकवलंय. गढूळ वारा हा माझाच शब्द. शिक्षक वेगळा शब्द वापरायचे, पण मला पुराच्या पाण्याशिवाय त्याची कल्पना करता आली नाही.

गाडी थांबवून वारा मोजायचं छोटं यंत्र काढलं. पाच मिनिटं हातात धरून उभे राहिलो. 9 नॉट. 14. 22. मग एकदम 8. नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर. भाचा म्हणाला, सरासरी तर तेराच्या वर येते, चांगलीच आहे. शिकणाऱ्याला साधारण 12 ते 18 नॉट चांगले असं सांगतात, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं.

इथे मी त्याला मातीत काडीने आकडे काढून दाखवले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. वेगाच्या वर्गाने वाढते. 10 चे 20 झाले की एका माणसाच्या जागी चार माणसं दोरी ओढायला लागतात. 8 चे 22 झाले की जवळजवळ साडेसात. आणि ती माणसं तुम्हाला न सांगता येतात. म्हणून सरासरी बघायची नसते, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा बघायचा असतो. त्या दोघांमध्ये जास्त अंतर असेल तर नवशिक्याने पिशवी बंदच ठेवायची.

त्याने पुढे मान फिरवली आणि मला न विचारता म्हणाला, "तारा." उच्च दाबाच्या वाहिन्या. पवनचक्क्या जिथे तिथे त्या असणारच. खाली वीज नेणारे छोटे खांबही होते. पतंगाला चार लांब ओल्या दोऱ्या आणि त्याला अडकवलेला माणूस.

त्या माळावर आम्ही काही उडवलं नाही. पुढे पाच-सहा किलोमीटरवर एक पडीक, सपाट रान मिळालं. ना झाड, ना तार, ना गाई. मालकाला विचारलं. त्यांनी आधी आमच्याकडे मग पिशवीकडे बघितलं आणि "उडवा की, पोरं येतील बघायला" म्हणून परवानगी दिली. इथे वारा 9 ते 12 नॉट, बराच एकसारखा. माझ्याकडे शिकण्याचा छोटा ट्रेनर काईट होता, दोन चौरस मीटरचा, दोन दोऱ्यांचा, हवा न भरायचा. जमिनीवरची ही पहिली ओळख कुणालाही करून देता येते, आणि तेवढंच मी करून दिलं. हार्नेस नाही, हुक नाही. डोक्यावर हेल्मेट, हातमोजे, आणि एक शब्द : सोड.

आकाशात एक मोठं घड्याळ आहे असं समजायचं. वाऱ्याकडे पाठ केली की डोक्यावर बारा वाजलेले, डाव्या हाताला नऊ, उजव्या हाताला तीन. कडेला किंवा डोक्यावर पतंग शांत असतो. समोर, वाऱ्याच्या सरळ रेषेत खाली आला की सगळी ताकद तिथे. त्याला मी सांगितलं, पतंग बारावर आण, मग एकच्या पुढे नेऊ नको. तो पहिल्या प्रयत्नात दीडवर गेला आणि पतंगाने त्याला चार पावलं पळवलं. त्याने सोडलं. पतंग जमिनीवर कोसळला. मी काहीच बोलले नाही, कारण बोलायची गरजच नव्हती.

अर्ध्या तासाने तो एका हाताने पतंग अकरा ते एकमध्ये आठाच्या आकाराने फिरवत होता. शेजारच्या वस्तीतली पाच-सहा पोरं जमली होती. एकीने विचारलं, "ताई, ह्याला मांजा का नाही?" तिच्याकडे बघताना मला एकदम लक्षात आलं की ही पोरं वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभी आहेत. सगळ्यांना उचलून आमच्या पाठीमागे आणलं. दोऱ्यांच्या दुप्पट अंतर तरी खालच्या बाजूला मोकळं ठेवायचं असतं. हा नियम मला तोंडपाठ होता आणि तरी अर्धा तास मी तो पाळला नव्हता. भाच्याने लगेच पतंग खाली घेतला. त्याच्या डोळ्यात राग नव्हता, पण तो बघत होता. मी त्याची माफी मागितली आणि त्या मुलीचीही.

चारच्या सुमाराला पश्चिमेला काळं आभाळ वाढलं. त्याच्या पायथ्याला धूळ उठलेली दिसत होती. अजून आमच्याकडे वारा तसाच होता. भाचा म्हणाला, "मावशी, गुंडाळू." ते परवा पैठणला काकांनी सांगितलेलंच होतं. दहा मिनिटांनी गाडीच्या काचांवर खडे आपटायला लागले.

दिवस पाचवा : धनेगाव, मग घर

मांजरा नदी याच बालाघाटात, पाटोदा तालुक्यात उगम पावते. केजच्या पुढे धनेगावला तिला अडवलंय. 2016 च्या उन्हाळ्यात हे धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. माझी मावशी तेव्हा लातूरला होती. तिच्याकडे पाण्याचं पिंप अजून दाराशीच असतं, भरलेलं. असं पाणी बघताना खेळाचा विचार आधी मनात येत नाही. भाचाही काठावर नुसता उभा राहिला.

सकाळच्या शांत वेळी आम्ही धरणापासून लांब, एका उथळ, माहितीच्या काठावर गेलो. बहिणीचे यजमान दोरी आणि फुगवलेली ट्यूब घेऊन सोबत. लाईफ जॅकेट घालून भाचा कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. पतंग नाही, फक्त बार आणि दोऱ्या. स्वतःची सुटका कशी करायची त्याची हाताची सवय मला त्याला दाखवायची होती.

रिलीज सोडला असं समज. पतंग एका दोरीवर सैल पडलाय. आता त्या एका दोरीवरून हाताने हात पुढे सरक, ती दोरी बारभोवती गुंडाळत जा, म्हणजे पतंगात परत ताकद येणार नाही. मग चारही दोऱ्या सारख्या गुंडाळ. शेवटी गाठ मारून टाक. दोरी बोटाला, मनगटाला कधीच गुंडाळायची नाही. पतंगापर्यंत पोचलास की त्याची फुगलेली नळी धर, तीच आता तुझी होडी. पतंग उलटा करून कडा ओढून धरलास तर तो शिडासारखा तुला काठाला नेईल. काठ कितीही लांब दिसला तरी पतंग सोडून पोहत सुटायचं नाही.

त्याने तीनदा केलं. तिसऱ्यांदा एकही दोरी बोटात अडकली नाही. मग त्याने विचारलं, "मावशी, मला किती पोहता येतं?" मी म्हटलं, ते मला काय माहीत. त्याने काठाला समांतर पोहून बघितलं. पन्नास मीटरवर दम लागला आणि तो उभा राहिला. तीन वर्षांत तलावात गेलो नाही म्हणाला.

गाडीत त्याने एक कागद काढला. अंबाजोगाईपर्यंत लिहीत होता. मध्येच विचारायचा. पाण्यावर समोरासमोर आलो तर कोण थांबतं? ज्याचा उजवा हात पुढे, त्याला वाट. दोघं एकाच दिशेने चालले असतील तर वरच्या अंगाच्याने पतंग वर धरायचा, खालच्याने खाली. काठावरून पाण्यात निघालेल्याला येणाऱ्याने वाट द्यायची, कारण काठावर उभा असलेला पतंग जास्त धोक्याचा. डोक्यावर हात थापटला म्हणजे मला पतंग उतरवायचाय, कुणीतरी पकडा. तो लिहीत होता. तिसऱ्या पातळीचं म्हणून त्याने वेगळं पान केलं.

संध्याकाळी घर. आईने पिठलं आणि बाजरीची भाकरी केली होती. जेवताना भाचा म्हणाला, "तो काईट मी परत विकून टाकतो. निदान दहा तरी येतील. त्यात रामेश्वरमचा कोर्स थोडा निघेल."

मी म्हटलं, "कुणाला विकशील?"

तो थांबला. ज्याने त्याला विकला त्यालाही पिन वाकलेली माहीत नसेल कदाचित. किंवा असेल.

"कुणीतरी माझ्यासारखाच घेईल," तो म्हणाला आणि भाकरीचा तुकडा तसाच हातात राहिला.

सकाळी उठून पाहिलं तर तो आणि आई मागच्या अंगणात होते. पावसाने कडब्याची गंजी अर्धी भिजली होती. निळं-केशरी कापड तिच्यावर पसरलेलं, चारही कोपऱ्यांना त्याच दोऱ्या बांधून खुंटीला ताणलेल्या. आई म्हणाली, "चांगलं जाड आहे गं, पाणी खाली जात नाही." भाच्याने बारवरून ती सरकती नळी काढून घेतली होती, वाकलेल्या पिनेसकट. ती त्याने खिशात ठेवली आणि मला म्हणाला, "अंबाजोगाईत पोहायचा तलाव सकाळी किती वाजता उघडतो?"